मावशीबरोबर मुडद्यांच्या मागावर

सोमवार : लंडन

रेडिंगहून एलिझाबेथ लाइन थेट फॅरिंग्डनला सोडते आणि आम्हाला जायचं होतं ते चार्टरहाउस स्क्वेअर तिथून अगदी जवळ आहे. तरीही मावशीने हट्टाने पॅडिंग्टनला उतरायला लावलं. कारण एकच : अगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पल या हौशी गुप्तहेरबाईच्या गोष्टीतली 4.50ची गाडी तिथून सुटते. शेजारच्या रुळांवर दुसरी गाडी धावतेय, तिच्या खिडकीचा पडदा वर जातो आणि आत एक माणूस एका बाईचा गळा दाबताना दिसतो. ठाण्याहून स्लो आणि फास्ट जोडीने धावायला लागल्या की समोरच्या डब्यातली बाई गवार मोडतेय की मेथी निवडतेय इथपर्यंत दिसतं, त्यामुळे मुंबईकराला ही गोष्ट पटायला वेळ लागत नाही. पोलिसांना मात्र पटत नाही. प्रेत सापडत नाही, आणि साक्षीदार कोण, तर ख्रिसमसच्या खरेदीने दमलेली एक म्हातारी बाई. डुलकीत स्वप्न पडलं असेल!

मावशीने फलाट पाहिले, वरचं ब्रुनेलचं काचेचं छप्पर पाहिलं आणि "झालं, चल" म्हणाली.

माझी मावशी 74 वर्षांची. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ब्रिटिश गुप्तहेर मालिका हा तिचा रोजचा रियाज आहे. शेवट आधी कळला म्हणून आपण चिडतो. हिला शेवट कळल्यावरच रंगत येते. "खुनी कोण ते एकदा कळलं की निवांत बघता येतं," असं ती म्हणते. निवांत काय बघायचं, हा माझा प्रश्न. दादाने, म्हणजे तिच्या मुलाने, आम्हा दोघींना रेडिंगला बोलावलं तेव्हा तिने राजवाडा, लंडन आय वगैरे सगळं खोडून पडद्यावर खून झालेल्या गावांची यादी केली, आणि उत्तर मिळेल या आशेने मी तिच्यामागे निघाले.

चार्टरहाउस स्क्वेअरच्या एका कडेला फ्लोरिन कोर्ट उभं आहे. 1936 सालची आर्ट डेको इमारत, दर्शनी भिंत लाटेसारखी आत-बाहेर वळलेली. टीव्हीवर हेच ख्रिस्तीच्या दुसऱ्या गुप्तहेराचं, प्वारोचं, घर : 'व्हाइटहेवन मॅन्शन्स'. चर्चगेटजवळ, ओव्हलच्या कडेने चालताना अशा गोलाईच्या बाल्कन्या आपण पाहतोच, त्यामुळे इमारत परकी वाटली नाही. चौकाखाली मात्र 1348च्या प्लेगमधले मुडदे पुरलेले आहेत. 2013 साली रेल्वेचं खोदकाम करताना सांगाडे निघाले. प्वारोला हा शेजार पसंत पडला नसता. त्याला धूळसुद्धा चालत नाही.

डेव्हिड सुशेने 1989 ते 2013 अशी जवळजवळ पंचवीस वर्षं ही भूमिका केली, 70 भाग. सुरुवातीला त्याने ख्रिस्तीच्या पुस्तकांतून प्वारोच्या सवयींची यादी काढली होती, 93 नोंदींची, आणि तिच्यातली पहिलीच नोंद हा माणूस फ्रेंच नव्हे, बेल्जियन आहे, अशी. ती पहिली का, हे मालिका बघताना कळतं. दर दुसऱ्या भागात कुणीतरी त्याला 'तो फ्रेंच माणूस' म्हणतं आणि तो दुरुस्ती करतो. लोक त्याच्यासमोर वाटेल ते बोलतात, कारण परदेशी माणसाला काय कळणार! ख्रिस्तीने एका कादंबरीत त्याच्याच तोंडून कबूल करून घेतलंय की त्याला चांगलं इंग्रजी येतं, तरी तो मुद्दाम मोडकंतोडकं बोलतो. लोक कमी लेखतात, गाफील राहतात, आणि त्याचं काम सोपं होतं.

"आमच्या हेड ऑफिसात एक मद्रासी साहेब होते, ते असंच करायचे," मावशी म्हणाली. "मराठी येत नाही असं दाखवायचे. तीन वर्षं आम्ही त्यांच्यासमोर बोलत होतो."

बेकर स्ट्रीटला गेलो नाही. रांग लांब होती, शिवाय मावशीचा शेरलॉक होम्स एकच, जेरेमी ब्रेट, आणि ग्रॅनडा कंपनीने त्याची बेकर स्ट्रीट मँचेस्टरला आपल्या स्टुडिओच्या आवारात बांधली होती. लंडनच्या रस्त्यात ती सापडणार कशी?

मंगळवार : ऑक्सफर्ड

ऑक्सफर्डच्या इन्स्पेक्टर मॉर्सचे 33 भाग, त्याच्या साहाय्यकावर निघालेल्या 'लुईस'चे 33 आणि तरुण मॉर्सच्या 'एंडेव्हर'चे 36. 1987 ते 2023 या काळात या एवढ्याशा विद्यापीठगावात टीव्हीवर 102 प्रकरणं झाली, आणि बहुतेक प्रकरणांत मुडदे एकाहून जास्त. स्टेशनातून बाहेर पडल्यावर सगळे जिवंत दिसले याचंच मला नवल वाटलं.

ब्रॉड स्ट्रीटवरून निघालो. डावीकडे व्हाइट हॉर्स हा चिंचोळा पब, पुढे उसाशांचा पूल, त्याच्याखालून बोळ, बोळाच्या पोटात टर्फ टॅव्हर्न. मॉर्स या सगळीकडे बिअर पीत बसतो आणि बिल बहुतेक वेळा लुईस देतो. मावशीने जिंजर बिअर मागवली. नावात बिअर आहे म्हणून तिने काउंटरवरच्या मुलाकडून दोनदा खात्री करून घेतली, मग बाटलीवरचं बारीक अक्षरातलं सगळं वाचलं, मग प्यायली.

मॉर्सची पहिली गंमत म्हणजे त्याला घाई नाही. प्रत्येक भाग जाहिराती वगळून सुमारे पावणेदोन तासांचा. 1987 साली एका खुनाला एवढा वेळ देणं हे टीव्हीवाल्यांना धाडसच होतं. पहिल्या भागाची पटकथा अँथनी मिंगेलाची. पुढे दोन भाग डॅनी बॉयलने दिग्दर्शित केले. दोघांनाही नंतर ऑस्कर मिळालं, पण इथे त्यांचं काम म्हणजे एका चिडक्या, एकट्या माणसाला कॉलेजच्या भिंतीकडेने चालत नेणं. आपल्याकडे दया दार तोडतो. मॉर्स बेल वाजवतो आणि उघडेपर्यंत उंबऱ्यावर थांबतो, आणि त्या थांबण्यात कॅमेरा बागेतली कात्री, दोन दिवसांची दुधाची बाटली, वरच्या मजल्यावर हललेला पडदा, सगळं दाखवून घेतो. बॅरिंग्टन फेलंगने शीर्षकसंगीतात मोर्स कोडमध्ये त्याचं नाव वाजवलंय : दोन लांब, तीन लांब, आखूड-लांब-आखूड, तीन आखूड, एक आखूड. काही भागांत तर त्याने संगीतात खुन्याचंही नाव असंच दडवलं, आणि हे बाहेर फुटल्यावर मुद्दाम चुकीचंही.

दुसरी गंमत मला ऑक्सफर्डच्या रस्त्यातच कळली. इथे प्रत्येक कॉलेजला एक भलं थोरलं लाकडी दार आहे आणि त्या दारात एक छोटं दार. छोटं दार उघडं असतं, आतलं हिरवंगार चौकोनी आवार दिसतं, आणि कोपऱ्यात पाटी : पाहुण्यांना अमुक ते अमुक वेळेतच प्रवेश. मॉर्स याच विद्यापीठात शिकायला आला होता आणि पदवी न घेता बाहेर पडला. मग पोलिसात गेला, आणि आता त्याच दारांतून आत येतो तो बिल्ला दाखवून. प्राध्यापक त्याला शेरी देतात, पण त्यांच्या डोळ्यांत तो पोलीसच. लुईसला तर ते शेरीही देत नाहीत. मॉर्सला ऑपेरा त्यांच्याहून जास्त कळतो, त्यांच्या लॅटिनमधली चूक तो काढतो, तरी तो आतला नाही. त्याचा लेखक कॉलिन डेक्स्टरही इथला नव्हता, केंब्रिजचा. बहिरेपण वाढल्यामुळे त्याला शिकवणं सोडावं लागलं आणि तो ऑक्सफर्डच्या परीक्षा मंडळात नोकरीला लागला. 1972 साली वेल्समध्ये सुट्टीला गेलेला असताना पाऊस थांबेना, तेव्हा त्याने पहिली कादंबरी लिहायला घेतली. मॉर्स आणि लुईस ही नावं त्याने शब्दकोड्यांच्या स्पर्धांतल्या आपल्या प्रतिस्पर्ध्यांची घेतली. मालिकेच्या जवळजवळ प्रत्येक भागात तो एखाद्या क्षणी मागून चालत जातो. मावशी त्याला हटकून पकडते.

दुपारी एक्सेटर कॉलेजचं दार पाहुण्यांना उघडलं. 'द रिमॉर्सफुल डे' या नोव्हेंबर 2000मधल्या शेवटच्या भागात मॉर्स याच आवारातल्या हिरवळीवर कोसळतो. शेवटी शवागारात लुईस त्याच्या कपाळावर ओठ टेकवून निरोप घेतो, तोही 'सर' म्हणूनच. मॉर्सची भूमिका करणारा जॉन थॉ पुढे सव्वा वर्षात, फेब्रुवारी 2002मध्ये, खरोखरच गेला. आमच्यासोबत आवारात दोन जपानी बायका होत्या, त्याही त्याच कोपऱ्याचे फोटो काढत होत्या. कुणी कुणाला काही सांगितलं नाही, पण कशासाठी आलो ते सगळ्यांना कळलं होतं.

मग चॅपेलमध्ये शिरलो आणि मावशी दारातच थबकली. "अगं, हे मी पाहिलंय." टोकदार कमानी, उंच रंगीत काचा, दगडातली नक्षी. टीव्हीवर पाहिलं असशील, मी म्हटलं. "नाही गं, पदवी घेताना पाहिलंय." बाहेरच्या माहितीफलकावर वास्तुरचनाकाराचं नाव वाचलं आणि तिचं बरोबर निघालं : जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट. 1850च्या दशकाच्या अखेरीस त्याने हे चॅपेल बांधलं, आणि नंतर मुंबई विद्यापीठाचा दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवर त्यानेच आखले, लंडनमध्ये बसून, मुंबईत पाऊलही न ठेवता. त्या सभागृहात मावशीने बी.कॉम.ची पदवी घेतली होती. ती चॅपेलमध्ये चांगली वीस मिनिटं बसली. मॉर्सचा विषय दिवसभरात पुन्हा निघाला नाही.

बुधवार : पुन्हा ऑक्सफर्ड

अ‍ॅशमोलियन संग्रहालयात एक सोन्याचा दागिना आहे, सहा सेंटिमीटरच्या आसपास, आल्फ्रेड राजाच्या काळातला. 1693 साली सॉमरसेटमध्ये सापडला. कडेने जुन्या इंग्रजीत कोरलंय, 'आल्फ्रेडने मला घडवून घेतलं'. डेक्स्टरने यावरून 'वुल्व्हरकोट टंग' नावाचा काल्पनिक दागिना रचला आणि तो समोरच्याच रँडॉल्फ हॉटेलातून चोरीला पाठवला. ही गोष्ट आधी टीव्हीसाठी लिहिली गेली, 1987 साली. कादंबरी मागून, 1991मध्ये. टीव्हीने पुस्तक बदललं असं आणखीही झालंय : सुरुवातीच्या कादंबऱ्यांत मॉर्सकडे लॅन्सिया गाडी होती, पण पडद्यावर लाल जॅग्वार एवढी ठसली की पुढच्या आवृत्त्यांत लेखकानेच लॅन्सियाची जॅग्वार केली.

जेरिको भागात कालव्याच्या काठी सेंट बार्नबसचा मनोरा आहे, खाली कामगारांची जुनी जोडघरं. मॉर्सच्या पहिल्या भागातली 'कॅनल रीच' ही गल्ली म्हणजे इथला कूम रोड, जेमतेम एका टेम्पोच्या रुंदीचा. बघायला काही नाही, आणि लोक राहतात, म्हणून फोटोही काढला नाही. कालव्यावरच्या बोटीत एक माणूस भांडी घासत होता.

गुरुवार : वॉलिंगफर्ड, चोल्सी, स्टोक रो

वॉलिंगफर्ड म्हणजे 'मिडसमर मर्डर्स' या मालिकेतलं कॉस्टन हे काल्पनिक गाव. 1997पासून ही मालिका चालू आहे आणि तिच्यातले खून हा वेगळ्याच प्रतिभेचा विषय आहे. एका माणसाला हिरवळीवर बांधून त्याच्यावर मध्ययुगीन दगडफेक्या यंत्राने दारूच्या बाटल्या मारल्या आहेत. एका बाईचा जीव चीजच्या अवाढव्य चाकाखाली गेलाय. दादाला ही मालिका आवडते कारण, त्याच्या मते, गावातल्या फुलांच्या प्रदर्शनाची समिती, क्रिकेट संघ आणि चर्चमधला घंटावादक गट इथे खरोखरच एकमेकांच्या जिवावर उठलेले असतात, मालिका फक्त एक पाऊल पुढे जाते. सोसायटीच्या वार्षिक सभेला बसलेल्या कुणालाही हे पटेल.

माझं मत इतकं उदार नाही. 2011 साली मालिकेच्या निर्मात्याने मुलाखतीत सांगितलं की आमच्या गावांत गोरेच लोक दिसतात, इतर असते तर ते इंग्लिश गाव राहिलंच नसतं. गदारोळ झाला, त्याला निलंबित केलं गेलं, पुढे तो बाजूला झाला. नंतर डॉक्टरच्या भूमिकेत मनजिंदर विर्क आली, इतरही चेहरे आले. मला हे सगळं आठवत होतं, कारण बाजारपेठेच्या चौकात कॉर्न एक्स्चेंजसमोर आम्ही दोघी पंजाबी ड्रेस आणि कॅनव्हासचे बूट घालून उभ्या होतो. पण गंमत अशी की या परंपरेच्या मुळाशी असलेला प्वारो परकाच होता. त्याची निर्माती इथून अर्ध्या कोसावर राहायची.

विंटरब्रुक हाउस हे अगाथा ख्रिस्तीचं घर, 1934पासून शेवटपर्यंत. आता कुणाच्या तरी मालकीचं आहे, रस्त्यावरून निळी पाटी दिसते तेवढीच. गावात ती मिसेस मॅलोवन होती, पुरातत्त्वज्ञाची बायको. गावच्या हौशी नाटक मंडळींची, सिनोडन प्लेअर्सची, ती 1951पासून अध्यक्ष होती. आज कॉर्न एक्स्चेंजचं नाट्यगृह तीच मंडळी चालवतात. आणि मिडसमरमध्ये हेच कॉर्न एक्स्चेंज कॉस्टनचं नाट्यगृह झालंय, जिथे हौशी नटांचे मुडदे पडतात! ख्रिस्तीबाईंना ही व्यवस्था आवडली असती.

तिची कबर चोल्सीच्या सेंट मेरी चर्चच्या आवारात, मागच्या भिंतीपाशी. 12 जानेवारी 1976. उंच दगडावर स्पेन्सर या कवीच्या ओळी : श्रमांनंतर झोप, वादळानंतर बंदर. शेजारी नवरा. पलीकडच्या रुळांवरून पॅडिंग्टनची गाडी धडधडत गेली, तेव्हा मावशी खूष झाली. कबरीपाशी हसणं बरं दिसत नाही म्हणून तिने पदर नसताना पदर तोंडाला लावल्यासारखं केलं.

परतीच्या वाटेवर दादाने गाडी स्टोक रोला वळवली. या खेड्यात काशीच्या महाराजांनी बांधून दिलेली विहीर आहे. इथले एक साहेब बनारसकडे नोकरीला होते, त्यांनी तिथल्या पाण्यासाठी काम केलं आणि आपल्या गावाकडेही पाण्याचे हाल आहेत असं कधीतरी सांगितलं. महाराजांनी पैसे पाठवले. 1864 साली विहीर सुरू झाली : व्यास चार फूट, खोली 368 फूट, सगळी हाताने खणलेली. वर घुमट, आत सोनेरी हत्ती. खेड्यातल्या टुमदार घरांच्या ओळीत हा घुमट असा उभा आहे की कुणी विचारतसुद्धा नाही. मिडसमरवाल्यांनी या 368 फुटांत अजून कुणाला ढकललेलं माझ्या तरी पाहण्यात नाही.

शुक्रवार

पाऊस. थालीपिठं. प्वारो.

शनिवार : नेदर वॉलप

हॅम्पशरमध्ये ओव्हर वॉलप, मिडल वॉलप आणि नेदर वॉलप अशी तीन गावं ओहोळाच्या काठी एकापुढे एक आहेत. बीबीसीने 1984मध्ये जोन हिक्सनला घेऊन मिस मार्पल सुरू केली तेव्हा तिचं गाव, सेंट मेरी मीड, म्हणून नेदर वॉलप निवडलं. गवताने शाकारलेली छपरं, भिंतींवर चढलेले वेल, वळणावळणाचा एकच रस्ता. मिस मार्पलचं घरही इथेच आहे. राहतं घर आहे, त्यामुळे आम्ही चालण्याचा वेग कमी केला, थांबलो नाही.

हिक्सन तेव्हा 78 वर्षांची होती. 1940च्या दशकात ख्रिस्तीने तिला एका नाटकात पाहून चिठ्ठी पाठवली होती, पुढेमागे तू माझी मिस मार्पल करशील अशी आशा आहे म्हणून. ती आशा ख्रिस्ती गेल्यावर आठ वर्षांनी फळली. 1992पर्यंत तिने बाराच्या बारा कादंबऱ्या केल्या. तिचं काम बघताना काही चाललंय असं वाटतच नाही. लोकर विणते, चहा घेते, कुणी बोलत असेल तर मान किंचित कलती करते. इन्स्पेक्टर तिच्याकडे पाठ करून बोलतात.

चर्च छान आहे. भिंतीवर नॉर्मन लोक यायच्या आधीची, अँग्लो-सॅक्सन काळातली देवदूतांची चित्रं आहेत, पुसट पण उडती. बाहेर 1760 साली वारलेल्या एका डॉक्टरची कबर चक्क पिरॅमिडच्या आकाराची. मी पिरॅमिडभोवती फिरून आत आले तर मावशी बाकावर बसलेली आणि फुलदाण्या सजवणारी एक बाई तिच्याशेजारी. मी पाच-सात मिनिटं बाहेर असेन. तेवढ्यात मावशीला समजलं होतं ते असं : कुणी परवानगी न घेता मागे खोली वाढवली, त्यावर तक्रार कुणी केली, तक्रार करणाऱ्याच्या बायकोचं आणि खोलीवाल्याचं पूर्वी काय होतं, आणि कॉन्झर्व्हेटरी म्हणजे काय. मी आल्यावर त्या बाई एकदम उठल्या आणि फुलांकडे गेल्या.

"तू काय विचारलंस तिला?" मी गाडीत विचारलं.

"काही नाही. मी फक्त 'हो का' म्हणत होते."

निवांत काय बघायचं असतं, याचं उत्तर मला तिथे मिळालं असं मी मावशीला सांगितलं. म्हणजे परकं, म्हातारं, पदवी हुकलेलं, ज्याला खोलीत कुणी मोजत नाही ते माणूस शेवटी बोलायला उभं राहतं आणि सगळ्यांना मुकाट बसून ऐकावं लागतं, ते पुन्हा पुन्हा बघायचं, हो ना? मावशीने थोडा विचार केला. "तेही आहे," ती म्हणाली. "पण मला मुख्य म्हणजे पडदे बघायला आवडतात. आणि चहाचे कप."

स्टॉकब्रिजला चहा घेतला. पुलावरून टेस्ट नदीतले ट्राउट मासे स्वच्छ दिसतात.

रात्री वहिनीने आयटीव्हीची मिस मार्पल लावली, जेराल्डिन मकेवनची. वहिनीला तीच आवडते : खोडकर, डोळे चमकणारी, आणि हिच्या भूतकाळात एक प्रेमप्रकरणही आहे. मावशीला हे प्रकरण मान्य नाही. शिवाय त्या मंडळींनी मिस मार्पल मुळात नसलेल्या गोष्टींतही तिला घुसवलं, याचा तिला राग आहे. लावलेली गोष्ट वाचनालयात सापडलेल्या प्रेताची होती. अर्धा तास झाला, मावशीने चष्मा पुसला.

"यांनी खुनी बदललाय."

"आई!" दादा ओरडला. "अजून तासभर आहे. मी पाहिलेलं नाही हे."

"मग पुस्तक वाच. पुस्तकातला इथे नाहीये, एवढंच सांगते."

वहिनी म्हणाली, तुम्हाला कसं कळलं, तुम्ही तर हे पाहिलेलं नाही. मावशी म्हणाली की त्या दुसऱ्या बाईकडे कॅमेरा गरजेपेक्षा जास्त वेळ थांबला. दादाने तिला स्वयंपाकघरात चहा करायला पाठवलं, मालिका संपेपर्यंत बाहेर येऊ नको म्हणून. तिचं बरोबर होतं, पण ते तिला सांगायचं नाही असं आम्ही तिघांनी ठरवलं.